घर विकायच्या आधी पेटी उघडा



गेल्या पौर्णिमेची गोष्ट. विहारातली वंदना संपली, खीर वाटून झाली, बायका चपला शोधू लागल्या. तेवढ्यात शेजारच्या वस्तीतली एक माऊली आम्हाला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, घराला गिऱ्हाईक आलंय. साडेतीन लाख म्हणतोय. दिऊन टाकू का?"

तिचा नवरा हमाली करतो. त्याच्या हृदयाची झडप खराब झाली होती. पुण्याच्या एका खासगी दवाखान्याने ऑपरेशनचा आकडा सांगितला होता, आणि त्या आकड्यापुरते पैसे घरात एकाच वस्तूचे येऊ शकत होते. ती वस्तू म्हणजे ज्या घरात ती वीस वर्षे राहिली ते घर.

आम्ही तिला एवढेच विचारले, "बाई, रेशनकार्ड कुठंय?"

"पेटीत आसंल की."

"आणि आयुष्मान कार्ड?"

"ते कुठलं आणि?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घरी जाऊन पेटी उघडली. रेशनकार्ड सापडले. नवऱ्याच्या नावात रेशनकार्डावर आणि आधारकार्डावर एका अक्षराचा फरक निघाला. दोन दिवस सेवा केंद्र आणि पुरवठा शाखा यांच्यात हेलपाटे झाले. मग योजनेतल्या एका दवाखान्यात त्याला हलवले, तिथल्या आरोग्यमित्राला भेटलो आणि ऑपरेशन झाले. ऑपरेशनचे पैसे लागले नाहीत. पण भरती होण्याआधीच्या तपासण्या, गाडीभाडे, तीन आठवडे सोबतच्या माणसांचे खाणेपिणे आणि घरातल्या दोघांची बुडालेली मजुरी धरून ३८ हजार गेलेच. त्यासाठी तिचे डोरले गहाण पडले. ते अजून सुटलेले नाही. पण घर राहिले.

ही गोष्ट आम्ही आमचा मोठेपणा सांगायला लिहीत नाही. आमच्या स्वतःच्या घरी ही वेळ आली तेव्हा आम्ही पेटी उघडली नव्हती. म्हणून लिहितो.

आमचे घर कसे गेले

२०१६ चा पावसाळा होता. आमचे मामा, म्हणजे सासरे, रात्री छातीत कळ येऊन कोसळले. अकलूज म्हणजे दवाखान्यांचे गाव. आजूबाजूच्या गावांतून माणसे इथे उपचाराला येतात. आम्ही स्वतः नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्या, एका खासगी दवाखान्यात महिना नऊ हजारांवर कामाला. त्यामुळे धावपळ कमी पडली नाही. इथून पुण्याला पाठवले. पुण्याच्या दवाखान्यात पहाटे काउंटरवर सांगितले, सकाळी एक लाख भरा. नात्यातून, बचत गटातून, एका सावकाराकडून गोळा करून भरले. अँजिओप्लास्टी झाली, नंतर जंतुसंसर्ग झाला, अकरा दिवस आयसीयूत गेले. बिल झाले ४ लाख १२ हजार.

मामांनी फंडाच्या पैशांतून बांधलेल्या दोन खोल्या आणि पुढे छोटेसे अंगण होते. गल्लीतला भाव आठ लाखांचा होता. आम्हाला घाई आहे हे घेणाऱ्याला ठाऊक होते. पाच लाखांत घर गेले. बिल भागले, उरलेल्यातून सावकाराचे तोंड बंद केले, आणि आम्ही सहा माणसे भाड्याच्या खोलीत आलो.

मामा पुढे तीन वर्षे जगले. त्यांनी कधी कुणाला बोल लावला नाही. फक्त जुन्या गल्लीतून जायचे टाळत. बाजाराला लांबच्या रस्त्याने जात.

आता खरी शरमेची गोष्ट सांगतो. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला सोलापूर जिल्हा होता. म्हणजे मामा पडले त्याच्या चार वर्षे आधीपासून ती आपल्याकडे चालू होती. आम्ही ज्या दवाखान्यात काम करत होतो तिथल्या भिंतीवर तिचा फलक होता. रोज त्याच्या समोरून सलाईनचा स्टँड ढकलत जात होतो. पण आमचे रेशनकार्ड वेगळे झाले तेव्हा मामांचे नाव थोरल्या दिरांच्या कार्डातून कमी झाले आणि आमच्या कार्डात चढवायचे राहून गेले. पुण्यातला तो दवाखाना योजनेत आहे का, हे त्या रात्री आम्ही विचारलेच नाही. कुणी आपणहून सांगितलेही नाही. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करायची सोय या योजनेत असते, हे आम्हाला नंतर कळले. नर्सला कळले नाही, मग ऊस तोडणाऱ्या बाईला कसे कळणार?

बिल एकदाच आले, भाडे मात्र दर महिन्याला येते. सरासरी तीन हजार धरले तरी नऊ वर्षांत ३ लाख २४ हजार रुपये भाड्यात गेले. दवाखान्याच्या कुठल्याही पावतीवर हा आकडा नाही. "आजारपणाला किती खर्च आला?" असे कुणी विचारले की आपण बिलाचा आकडा सांगतो. पोरांच्या दोनदा बदललेल्या शाळा त्यात कुणी धरत नाही.

विम्याचा हप्ता आणि आमची मजुरी

घर गेल्यावर आम्ही ठरवले, आता आरोग्य विमा काढायचाच. २०१९ मध्ये खासगी कंपनीची कुटुंबाची पॉलिसी काढली. पहिल्या वर्षी १४ हजार ८०० भरले, दुसऱ्या वर्षी १५ हजार ९००, तिसऱ्या वर्षी १८ हजार २००. तीन वर्षांत ४८ हजार ९०० रुपये. चौथ्या वर्षी घरातले एक काम सुटले होते. हप्त्याची तारीख गेली, सवलतीचे दिवसही गेले आणि पॉलिसी बंद पडली.

त्या तीन वर्षांत कुणी आजारी पडले नाही याचा आनंदच आहे. विमा म्हणजे दहा घरांनी मिळून एका घराचा भार उचलणे. आपल्या पैशातून दुसऱ्याचा माणूस वाचला असेल तर त्यात वाईट काही नाही. आमची तक्रार वेगळी आहे. पॉलिसी तुटली की जुन्या आजारांची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून मोजतात. म्हणजे ज्याच्या घरात दरमहा ठरलेला पगार येतो त्याचा विमा टिकतो. ज्याची मजुरी हंगामावर आहे त्याचा हप्ता नेमका वाईट वर्षी चुकतो. ज्या वर्षी विम्याची गरज असते, त्याच वर्षी तो हातातून निसटतो.

मागच्या वर्षी पुन्हा एका एजंटाला विचारले. चार माणसांच्या पाच लाखांच्या पॉलिसीला वर्षाला वीस हजार आणि वर १८ टक्के जीएसटीचे ३ हजार ६००. आजारपणाच्या भीतीवरसुद्धा सरकार कर घेत होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, हे बरे झाले. तरी मूळ हप्ता राहतोच. आमच्या वस्तीतल्या बाईला शेतात दिवसाला तीनशे मिळतात असे धरा. वीस हजार म्हणजे तिची सदुसष्ट दिवसांची मजुरी. वय वाढले की हप्ता वाढणार. बीपी, शुगर असेल तर तीन वर्षांपर्यंत त्या आजाराला संरक्षण नाही. आणि एवढे करून पॉलिसी देते काय, तर मुख्यतः भरती झाल्यावरचा खर्च. रोजची गोळी, दर महिन्याची तपासणी, बुडालेली मजुरी यातले बहुतेक तिच्या बाहेरच राहते.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. रोजंदारीवरच्या घराने उसनवारी करून किंवा पोराची फी थांबवून खासगी विमा काढू नये. कायम पगाराची नोकरी असेल तर जरूर काढावा. तरुणपणी काढावा, आजार लपवू नयेत, घरी आल्यावर कागद वाचावा. पटली नाही तर ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, मग पुण्यातल्या विमा लोकपालाकडे जावे. तिथे फी लागत नाही.

आणखी एक गैरसमज. बँकेच्या खात्यातून वर्षाला २० रुपये आणि ४३६ रुपये कापले जातात. पुष्कळ बाया म्हणतात, "आमचा इमा हाय की." पहिला अपघाताचा विमा आहे, दुसरा आयुर्विमा आहे. दोन्ही चांगले आहेत, चालू ठेवा. पण दवाखान्याच्या बिलाला त्यांतला एकही उपयोगी पडत नाही.

बाबासाहेबांनी विम्याचा विचार केला होता

विमा हा श्रीमंतांचा विषय आहे असे आपल्याला वाटते. बाबासाहेबांना तसे वाटत नव्हते. १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी त्यांनी जे निवेदन तयार केले, ते 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात त्यांनी विमा व्यवसाय पूर्णपणे राज्याच्या मालकीचा असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मागणी मांडली. प्रमाण मजुरीशी होते, एजंटाच्या तक्त्याशी नव्हते. १ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ झाले, ते पाहायला बाबासाहेब होते. पुढे १९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले.

त्याआधी, १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. पगारातून थोडे कामगाराने भरायचे, जास्त मालकाने भरायचे आणि उपचार सगळ्या कुटुंबाला. कल्पना किती साधी आणि न्यायाची! पण त्या कायद्याने हंगामी कारखाने बाहेर ठेवले, आणि त्या हंगामी कारखान्यांच्या यादीत साखर आहे. आपल्या तालुक्यात चुलीपासून लग्नापर्यंत सगळे साखरेवर चालते. गाळपाचा हंगाम संपतो, पण कामगाराच्या छातीतले दुखणे हंगाम बघून येत नाही. ऊसतोड मजूर तर कारखान्याच्या हजेरीपटावरही नसतो.

आणखी एक गोष्ट आम्हाला नेहमी आठवते. बाबासाहेबांनाही इमारत विकावी लागली होती. देणी फेडायला आणि पुस्तके घ्यायला त्यांनी १९४१ मध्ये 'चार मिनार' विकली. पण राहते 'राजगृह' विकले नाही. राहते घर शेवटपर्यंत हातचे जाऊ द्यायचे नाही, हे आपण त्यातून घ्यावे.

मग करायचे काय?

सगळ्यात आधी कागद, आणि तेही घरातले माणूस चांगले असताना. जीवनदायी योजनेचे नाव २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे आणि ती आयुष्मान भारतला जोडलेली आहे. १ जुलै २०२४ पासून पिवळे, केशरी, पांढरे अशा सर्व रेशनकार्डांना ती लागू झाली. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, हप्ता सरकार भरते. जुना आजार म्हणून नाकारत नाहीत. रुग्णाचे जेवण आणि एक वेळचे प्रवासभाडेही त्यात आहे. सत्तर वर्षांवरील म्हाताऱ्या माणसांचे वय वंदना कार्ड वेगळे निघते, त्याला उत्पन्नाची अट नाही.

आज रात्री जेवण झाल्यावर पेटी उघडा. रेशनकार्डावर घरातले प्रत्येक नाव आहे का बघा. सून आली, नातू झाला, म्हातारा बाप दुसऱ्या पोराकडून आला, ही नावे चढवायची राहतात. आधारकार्डावरचे नाव अक्षर न् अक्षर जुळते का बघा. रेशनकार्डाचा बारा अंकी नंबर लिहून ठेवा. आशाताईंना किंवा सेवा केंद्रात विचारून प्रत्येकाचे आयुष्मान कार्ड काढा.

दुसरे, दवाखान्यात पाऊल टाकतानाच विचारा, "हा दवाखाना योजनेत आहे का? आरोग्यमित्र कुठे बसतात?" पैसे भरायच्या आधी हे विचारायचे. १५५३८८ हा योजनेचा नंबर फुकट आहे, तो दाराच्या मागे खडूने लिहून ठेवा. योजनेत मंजूर झालेल्या उपचारासाठी पैसे मागितले तर तक्रारही तिथेच करता येते.

तिसरे, सरकारी दवाखाना. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या, उपचार निःशुल्क आहेत. बीपी, शुगरच्या गोळ्या तिथून नियमित घ्या. निम्मी ऑपरेशने त्या गोळ्या चुकवल्यामुळे होतात की काय, असे आम्हाला वॉर्डात काम करताना वाटायचे.

चौथे, धर्मादाय दवाखाने. नोंदणीकृत धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर सवलत. पुण्यातली मोठमोठी नावे यात येतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वेळेत काढलेला असला, म्हणजे समाजसेवा अधिकाऱ्यापुढे ताठ मानेने बसता येते. ही भीक नाही, कायदा आहे.

आणि घर विकायचीच वेळ आली तर

एवढे करूनही कधी वाट उरत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. यादीत नसलेला आजार निघतो, रात्रीची वेळ असते. अशा वेळी तरी तीन गोष्टी सांभाळा.

नुसत्या स्टँपवर नोटरी करून घर देऊ नका. घर-जागेची विक्री नोंदणी कार्यालयात नोंदवल्याशिवाय पक्की होत नाही. कच्च्या कागदाचे कारण सांगून घेणारा भाव पाडतो आणि पुढे भांडण उभे राहते. घरपट्टीचा उतारा म्हणजे मालकी नव्हे, हेही लक्षात ठेवा.

जागा महार वतनाची असेल तर १९५८ च्या वतन निर्मूलन कायद्यानुसार परवानगीशिवाय विकता येत नाही. घाईत विकली तर घर जाते, पैसे वादात अडकतात आणि जमीन सरकारजमा व्हायची भीती राहते. घरकुलाचे घर असेल तर मंजुरीच्या अटी आधी वाचून घ्या.

बिनपरवाना सावकाराकडे घराचा कागद ठेवू नका. २०१४ च्या सावकारी कायद्याने तो गुन्हा आहे आणि सहकार खात्याच्या निबंधकाकडे तक्रार करता येते. ज्यांनी आधीच कागद ठेवला आहे त्यांनी लाजू नये, तक्रार करावी. लाज सावकाराला वाटायला हवी.

विहारातला डबा

त्या माऊलीचे ३८ हजार आम्हाला टोचत राहतात. योजना ऑपरेशनचे पैसे देते, पण दवाखान्याबाहेर बसलेल्या माणसाचा वडापाव देत नाही. डोरले गहाण पडते ते याच पैशांसाठी.

आमच्या वस्तीत दोन वर्षांपासून आम्ही आजारपणाचा डबा चालवतो. साठ घरे महिन्याला तीस रुपये टाकतात. म्हणजे महिन्याला १ हजार ८००, वर्षाला २१ हजार ६००. कुणी भरती झाले की त्याच दिवशी पाच हजार हातात देतो. व्याज नाही. बरे झाल्यावर महिन्याला पाचशे परत. हिशेब दर पौर्णिमेला विहारात मोठ्याने वाचला जातो, आणि वाचते ती सातवी-आठवीतली पोरगी. दोन घरांनी अजून परत केलेले नाहीत, तेही वाचले जाते. कुणी रागावत नाही. तीस रुपयांनी कुणाचे बायपास होत नाही, पण पहिल्या रात्री सावकाराच्या दारात जावे लागत नाही.

तरीही आम्ही म्हणणार नाही की डब्याने आणि कार्डाने सगळे भागले. कार्ड आहे, पण योजनेतला दवाखाना दूर आहे, ही अर्ध्या महाराष्ट्राची कथा आहे. अकलूजहून सोलापूर शंभर किलोमीटरच्या पुढे, पुणे त्याहून लांब. हृदयविकाराच्या माणसाला तेवढी वाट परवडत नाही. आमची मागणी एवढीच आहे की तालुक्याच्या पातळीवर सरकारी दवाखान्यात आयसीयू, डायलिसिस आणि हृदयावरचे तातडीचे उपचार मिळावेत. साखर कामगार आणि ऊसतोड मजूर यांना कामगार विम्याचे संरक्षण मिळावे. मत मागायला येणाऱ्याला रस्त्याच्या आधी हे विचारा.

आमचे जुने घर अजून तिथेच आहे. त्याला आता वरचा मजला झाला आहे. अंगणात फरशी बसवली आहे. आम्ही त्या गल्लीत दर महिन्याला जातो, कारण डब्याची वर्गणी तिथूनही गोळा करायची असते. ज्यांनी घर घेतले तेही तीस रुपये देतात. आम्ही पावती फाडतो आणि विचारतो, "रेशनकार्डावर धाकटीचं नाव चढवलं का?"

मागच्या महिन्यात ते म्हणाले, "चढवलं, ताई."

तुमच्या घरी चढवले का?

जयभीम.